सुतळी

सोमवारी काहीतरी दाखवायचं होतं,
आणि शुक्रवारची अख्खी रात्र
मी साधनं निवडण्यात घालवली.

पंखा गरम हवाच फिरवत होता.
ब्राउझरमध्ये सत्तावीस टॅब,
प्रत्येकात कुणीतरी शपथेवर सांगत होतं
की हेच घ्या, याच्या तोडीचं दुसरं नाही,
इतवारीतल्या कापडवाल्यासारखं
थान उलगडून, ओढून, चुरगाळून दाखवत.

अकरा वाजता निशिकांत मोहाडीकरचा फोन:
"पाया आत्ताच नीट घाल.
उद्या लाखभर लोक आले तर?"

लाखभर.
दौलत पराते गोळीबार चौकामागे कूलर दुरुस्त करतात.
त्यांची गिऱ्हाइकं एका वहीत आहेत, एकशे बारा,
त्यातली नऊ वारली,
पण नावं खोडायला त्यांचा हात होत नाही.

तरी मी पाया घातला.
एका आज्ञेसरशी फोल्डरात चाळीस हजार फाइली उतरल्या,
त्यातली एकही माझी नव्हती.
शनिवारी दुपारपर्यंत तयार होतं:
लॉगिन,
पासवर्ड विसरलात का, अशी आपुलकीची चौकशी,
दिवसाचा एक रंग, रात्रीचा एक,
आणि मधोमध एक पांढरं पान
जिथं कूलरबद्दल काहीतरी येणार होतं.

लॅपटॉप मांडीला चटके देऊ लागला
तेव्हा ओढणी डोक्याला गुंडाळून निघाले.
पंचेचाळीस अंश. डांबर मऊ पडलेलं,
दर पावलाला चप्पल सोडवून घ्यावी लागत होती.

पराते एका पत्र्याच्या कूलरसमोर उकिडवे.
पंप सुतळीनं बांधलेला,
नळीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा,
एका बाजूला वाळ्याच्या ताटीऐवजी ओलं गोणपाट.

"हे असंच देणार?"

"नाही वं पोरी. पाहून राहिलो,
पाणी तिन्ही बाजूनं उतरते का.
उतरलं तं मारू खिळे.
आधीच मारले, तं मंग
दिवसभर खिळेच उपसत बसा लागते."

घरी येऊन मी तो फोल्डर पुसला.
पुसायलाच सहा मिनिटं लागली.

मग एक फाइल. एकच.
साधं एचटीएमएल, शाळेत शिकलेलं,
वर नाव, खाली फोन, त्याखाली पत्ता,
आणि एक हिरवं बटण: बोलवा.
बटण दाबलं की स्प्रेडशीटमध्ये एक ओळ पडते.
बाकी काही होत नाही.
मागे सर्व्हर नाही, डेटाबेस नाही,
मीच आहे, पंख्याखाली, ओळ पडायची वाट बघत.

सोमवारी त्यांनी ओल्या अंगठ्यानं फोन धरला.
नाव झालं. फोन झाला.
पत्त्यावर अंगठा थांबला.

"पत्ता वाचून मी कुठी जात नाही.
मले घर नाही आठवत, कूलर आठवते.
निळा, एक पाय विटेवर, तो मौंदेकरांचा.
ज्याच्या टाकीत पोरानं मासा सोडला होता,
तो टेलिफोन एक्सचेंजमागचा.
पत्ता काऊन विचारता लोकाइले?
फोटो मागा ना."

दुकानातल्या चहाला उकळी फुटेपर्यंत
पत्त्याची ओळ गेली होती
आणि तिच्या जागी एक चौकोन आला होता:
तुमच्या कूलरचा फोटो टाका.
दोन रात्री ज्यासाठी जागले
त्या सत्तावीसपैकी एकाही टॅबमध्ये
हा चौकोन नव्हता.

संध्याकाळी निशिकांतचा मेसेज:
मग? शेवटी काय वापरलंस?

तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.
मग दुकानात काढलेला फोटोच पाठवला:
पंप, सुतळी,
गोणपाटावरून खाली येणारं पाणी,
आणि डावीकडचा एक कोपरा
अजून कोरडा.